फ्रीज फक्त गुरुवारी थंड

सोमवार, १४ जुलै

न्हाई, मी फ्रीजमधी गरम भांडं ठेवलेलं न्हाई! कुनी विचारलं न्हाई, पन सगळ्यांच्या तोंडावर तेच हाय. घरात काय बी बिघडलं की आधी म्हातारीकडं बघायचं.

दुपारी ज्ञानूचं दूध बाहेर काढलं तर आंबूस वास. बाटली हाताला कोमट. लोनी पातळ, कोथिंबीर पिवळी. थंड करायचं कपाट म्हनून आनलं अन् आत उबारा!

ज्ञानू म्हनजे माझ्या नातवाची, अमृतची लेक. चार महिन्यांची. तिची आई निकिता सकाळी कंपनीच्या बसनं जाते. जाताना सोताचं दूध काढून बाटलीत भरून फ्रीजात ठेवते. दिवसा मी ते बोंडल्यानं पाजायचं. पहिल्यांदा ऐकलं तवा म्हनले, आता डेअरीला घालायचं तेवढं राह्यलं. कुनी हसलं न्हाई. या घरात हसायची बी अक्कल न्हाई.

वरचं दूध पोरीला चालत न्हाई. पावडरचं दिलं की ओकते. मग सुनेनं, पुष्पावतीनं, कंपनीत फोन लावला. निकिता हाफ डे टाकून आली, पोरीला पदराखाली घेतलं अन् बसली डोळे पुसत. दूध नासलं तर रडतात व्हय? हिचं सगळंच नाजूक.

मंगळवार, १५ जुलै

पुन्हा नासलं. पुन्हा फोन. पुन्हा हाफ डे.

अमृत संध्याकाळी कामावरून आला अन् मोबाईल घेऊन फ्रीजसमोर बसला. मोबाईलात एक टोपीवाला सांगत हुता, फ्रीज गरम का होतो. त्याचं ऐकून दाराच्या रबरात नोट घालून ओढली. घट्ट. मग आतलं गोल बटन बघितलं. शून्य ते सात आकडे, काटा पाचावर. "बटन बरोबर हाय," म्हनला, जसा काय मोठा शोध लावला. मग फ्रीज भिंतीपासून ओढला.

मागच्या काळ्या जाळीवर ज्ञानूचे लंगोट.

मीच वाळत घातलेले. त्यात लपवायचं काय? आठ दिवस ऊन न्हाई. जाळी कायम तापलेली असते, लंगोट-दुपटी कडक वाळतात. एरवी वाया जानारी ऊब. पन पुष्पावतीनं लगेच तोंड उघडलं. म्हनते, आत्याबाई, त्याला तिथनं गरमी बाहेर टाकायची असती अन् तुमी त्याला गोधडी पांघरली! कालपर्यंत हिला ठाऊक तरी हुतं का, फ्रीजला मागची बाजू असते म्हनून? लंगोट माझ्या हातात असे दिले, जसा काय चोरीचा माल सापडला.

आता दोन दिवस झाले लंगोट तिथंबी ओलसरच राहत हुते, हे सांगनार हुते. कोन ऐकतंय!

बुधवार, १६ जुलै

लंगोट दोरीवर. ओलेगच्च. फ्रीज तरी गरम. दूध नासलं. आता कुनाचा लंगोट आडवा आला?

गुरुवार, १७ जुलै

आज फ्रीज थंडगार! पानी असं की दात ठनकले.

निकिताच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, ती घरीच हुती. आज बाटलीची गरजच न्हाई अन् आजच हा शहाना झाला. पुष्पावतीला दत्ताचा उपास असतो. तिनं फ्रीजला हळदकुंकू वाहिलं. म्हनली, वाराला पावला. मी म्हनले, मग सहा दिवस काय राक्षसाचे हायत का? माझ्याशी दुपारपर्यंत बोलली न्हाई. तेवढीच शांतता.

शुक्रवार, १८ जुलै

गरम. देवाचा वार संपला!

निकिता हाफ डे घेऊन आली ती तोंड पाडूनच. सायबानं सुनावलंय, आता एक जरी हाफ डे झाला तरी परत यायचं न्हाई, फाटकावर पोरी उभ्या हायत. पुष्पावतीचं धाबं दनानलं. गल्लीत सगळ्यांना सांगून बसलीय ना, आमची सून कंपनीत क्वालिटीला हाय म्हनून. क्वालिटी म्हनजे काय ते हिला विचारलं तर सांगता येनार न्हाई. अमृत म्हनला, नोकरी सोडायची न्हाई, पोरीला हळूहळू पावडरची सवय लागंल. ह्याला दोन घोट पाजा म्हनावं आधी.

निकिता ताट वाढत हुती. तिनं मान बी वर केली न्हाई.

शनिवार, १९ जुलै

आज फोन करायचा न्हाई असं ठरलेलं. दूध नासलेलं. ज्ञानू दुपारपासून रडली. बोंडलं ओठाला लावलं की मान फिरवते. रडून रडून आवाज बसला, मग नुसतं तोंड उघडायची. पुष्पावती साखरेचं पानी कर म्हनली. मी तिला बाहेर काढलं.

संध्याकाळी निकिता आली ती ओढनी घट्ट गुंडाळून. कुर्ता पुढनं दुधानं भिजलेला. तशीच बसनं आली, गड्यामानसांत. पोरीनं तिला धरलं ते सोडलंच न्हाई.

मी तिच्यापुढं चहा ठेवला, साखर जरा जास्त घालून.

सोमवार, २१ जुलै

नगरहून दानीएल म्हनून फ्रीजवाला आला. सकाळी येतो म्हनला, दिवेलागनीला उगवला. तवर निकिता येऊन बसलेली. त्यानं जाळीवर हात ठेवला, आत तोंड घातलं, फ्रीजला कान लावला. म्हनला, आजी, फ्रीज ठनठनीत हाय, गॅस बरोबर हाय. खरंच थंड हुता! मग दिवसा काय होतं? तर म्हने लाईट जात असंल. मी म्हनले, दार उघडलं की आतला दिवा लागतो, मग लाईट कुठं गेली? तर डोकं खाजवून म्हनला, तुमीच दार उघडं टाकत असाल. चहा पिऊन गेला. हा जर कारागीर तर मी कलेक्टर.

मंगळवार, २२ जुलै

दुपारी कुनी नसताना सोताच बघितलं. जाळीवर हात ठेवला. गार! म्हनजे आत गरम अन् मागं गार. घरघर बी न्हाई. गेले कित्येक दिवस दुपारी झोप चांगली लागते, ती ह्यामुळं. दार उघडलं, दिवा लागला. चष्मा लावून बटन बघितलं.

शून्यावर.

पाचावर फिरवलं. टक् झालं, अन् लागला घरघरायला.

एवढा टोपीवाला, एवढा नगरचा कारागीर — अन् रोग काय, तर बटन बंद! ते बघतात संध्याकाळी, तवा चालू असतं. दिवसा कुनीतरी बंद करतंय. कुनीतरी म्हनजे कोन, पुष्पावती. सकाळी उठून फ्रीजला आतनं-बाहेरनं फडकं मारायचं खूळ हाय तिला. फडक्यानं बटन फिरत असनार. अन् नाव माझ्या लंगोटांचं! उद्या रंगेहात धरते.

बुधवार, २३ जुलै

पुष्पावती न्हवं.

पहाटेच सैपाकघराच्या उंबऱ्याशी चहा घेऊन बसले, सुनेला धरायला. ती अजून आंघोळीला गेलेली. निकिता आली. खांद्याला पिशवी, गळ्यात कंपनीचं कार्ड. बाटली फ्रीजात ठेवली. दुधाकडं बघत जरा उभी राह्यली. मग हात आत घातला अन् बटन फिरवलं. टक्. घरघर थांबली.

मागं वळली तर मी.

मला वाटलं आता नाटक करंल. केलं न्हाई. खालीच बसली, पिशवीसकट. म्हनली, "आजी, दूध नासलं की तुमी फोन करता. फोन आला की मला घरी येता येतं. आले की बटन पुन्हा पाचावर करते. दुसरं काय न्हाई त्यात."

"अन् नोकरी गेली म्हनजे?"

"गेली तर बरंच."

मी म्हनले, मग तोंडानं सांग की नवऱ्याला, वरीसभर घरी राहते म्हनून. पोरीला उपाशी कशाला मारते?

"वाटलं, ती रडली की तुमीच म्हनाल, राहा घरी. मी कुठल्या तोंडानं सांगू? लग्नाच्या बैठकीत मीच बोलले हुते ना, पोर झालं तरी नोकरी सोडनार न्हाई. पाच मानसांत. माझा बाप नको नको म्हनत असताना. आता सगळे म्हनतील, आली का ठिकान्यावर."

ती बैठक मला आठवते. पोरगी बोलली तशी सगळे बशीत बघत बसले हुते. अन् आता ठिकान्यावर आली म्हननाऱ्यांत पहिली मीच असते. हे तिला सांगितलं न्हाई.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. ती उठली, डोळे पुसले, गेली. मी बटन पाचावर केलं. ज्ञानू सगळं दूध प्याली, ढेकर दिला. पुष्पावती गल्लीत सांगून आली, फ्रीज सुधारला! अमृतनं फोनवर सांगितलं, आता काळजी मिटली, निकिताला सांगा निवांत काम कर.

संध्याकाळी तिनं येऊन रिकामी बाटली बघितली. धुऊन पालथी घातली. रात्री जेवली न्हाई.

गुरुवार, २४ जुलै

सगळे चहाला बसले हुते तिथं सांगून टाकलं. बटन मीच बंद करत हुते. उद्याबी करनार, परवाबी करनार, ज्ञानू वरसाची होईस्तोवर करनार. असल्या म्हातारीच्या हाती लेकरू टाकून कामाला जायचं का, ते तुमचं तुमी बघा.

अमृत म्हनला, आजे, तुला येड लागलंय. पुष्पावती रडायला लागली, गल्लीत काय सांगू म्हनून. निकितानं तोंड उघडलं. मी डोळे वटारले तशी गप झाली. अमृत तिला म्हनला, राहू दे, उद्या जाऊ नको.

का केलं, का केलं — आल्यागेल्यालाबी तेच विचारायचंय. सांगितलं न्हाई. सांगनार न्हाई.