पडद्याच्या दुमडीतला टाका

१४ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे घालणार नाही, तू मोठी असलीस तरी. कशी आहेस? खोकला गेला का? इथे आम्ही सगळे बरे. बाबांची बदली टळली, याच बस डेपोत राहणार, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. आईच्या मशीनचा पट्टा बदलला. मी आता आईपेक्षा चार बोटं उंच झालेय, पण तिला ते मान्य नाही. टाचा टेकवून उभी राहा म्हणते.

आईचं शिवणाचं दुकान जोरात चाललंय. गेल्या आठवड्यात एक शिक्षिका आल्या होत्या. वर्गात उभं राहिलं की त्यांच्या तोंडाला कोरड पडते. आईने त्यांना विचारून कोटाच्या कॉलरमागे धिटाईचा एक टाका घातला, तर पुढचा अर्धा तास त्याच बोलत होत्या. बाबा आईच्या कानात म्हणाले, थोडा उसव गं.

मला मात्र सगळे आळशी समजतात. सोळा पूर्ण झाली तरी पोरगी सुईला हात लावत नाही. मावशी तर तोंडावर म्हणते, चेटकिणींच्या घरात हे ध्यान कुठून जन्माला आलं. मी म्हणते, मला चेटकीण व्हायचंच नाही, मी औषधांच्या दुकानात काम करीन. खरं कारण कोणाला सांगितलं नव्हतं. आताही बघ ना, बदली आणि मशीनच्या पट्ट्याचा विषय काढून मी वेळच काढतेय.

रविवारी मावशी आली. आई आत होती. शेंगा सोलता सोलता मावशी हळूच म्हणाली, की तू तिला भेटलीस. चार वर्षांत तू तीनदा घरी यायला निघालीस, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत आलीस आणि तिथे पाय असे जड झाले की पाऊल पुढे पडेना. आईनेच टाका घालून तुझ्यासाठी दार बांधून ठेवलंय, असं तू मावशीला म्हणालीस. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

ताई, दार आईने नाही बांधलं. मी बांधलं.

तू घर सोडलंस त्या सकाळी, नोकरीवरून तुझं आणि आईचं वाजलं होतं, तुझी बॅग भरून तयार होती. मी बारा वर्षांची. तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझ्या फणीतला एक केस मी सुईत ओवला आणि पुढच्या दाराच्या पडद्याच्या दुमडीत अडवणीचा टाका घातला. तू जाऊ नयेस म्हणून. विचारल्याशिवाय कोणावर टाका घालायचा नाही, हा आपल्या घरातला पहिला नियम, आणि मी तोच मोडला. तासाभराने तू पडदा सारून निघून गेलीस. मला वाटलं, टाका लागलाच नाही. खूप रडले, पण आतून असंही वाटलं की सुटले बाई, कोणाला कळणार नाही. त्यानंतर सुई धरली की माझी तंतरायची.

मावशी गेल्यावर पडदा उलटून पाहिला. टाका चांगला पक्का होता, फक्त चुकीच्या बाजूने. अडवणीचा टाका घराकडच्या बाजूने घालतात, आतलं माणूस आत राहावं म्हणून. मी घाईत रस्त्याकडच्या बाजूने घातला आणि बाहेरच्या माणसाला बाहेर ठेवलं. पडदा कितीदा धुतला, वाळत घातला, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरच्यांसमोर कबूल केल्याशिवाय असा टाका उसवत नाही, हे तुला माहीत आहे. तरी मी आधी गुपचूप प्रयत्न केला. कात्रीचं टोक आत जाईना. मग काल बाबा जेवायला आले तेव्हा सगळं सांगून टाकलं. आता आई मला फाडून खाणार असंच वाटत होतं. तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "म्हणजे ती येत होती?"

मी म्हटलं, तीनदा.

"चार वर्षं मला वाटत होतं, तिला माझं तोंडही बघायचं नाही," आई म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही. बाबा आम्हाला पाणी आणून देत होते आणि आम्ही घेत नाही म्हणून स्वतःच पीत होते. रडून झाल्यावर तिने मला अशी झापली की शेजारच्या न्हाव्याचं दुकान गप्प झालं. मग कात्री माझ्या हातात दिली. सात वेढे होते. शेवटचा सुटला तेव्हा काहीसुद्धा झालं नाही, फक्त मला कडकडून भूक लागली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. उद्यापासून आईकडे शिकायला बसतेय, अगदी पहिल्या धावदोऱ्यापासून. चेटकीण होईन की नाही ठाऊक नाही, पण कापडाची कुठली बाजू कुठे, एवढं तरी कळायला हवं.

तुला राग येईल, यायलाच हवा. फक्त आईवरचा सोडून माझ्यावर धर. तुला घरी बोलावू का असं तिला विचारलं, तर नको म्हणाली. आपण बोलावलं की तिला यावंसं वाटत नसलं तरी यावं लागेल, तोही टाकाच झाला, असं तिचं म्हणणं. म्हणून बोलावत नाही. रस्ता मोकळा आहे, एवढंच कळवते. आलीस तर तुझ्या मनाने येशील. आणि नाही आलीस, तर ते तुझं न येणं असेल, माझ्या टाक्याचं नाही.

त्या सकाळी ‘जाऊ नको’ असं नुसतं तोंडाने म्हणायचं जिला सुचलं नाही, ती

तुझी धाकटी बहीण