ढोम्याच्या कानातले खडे आणि इतर मिळकत

मी, नीलम प्रेमचंद मुथा, वय ७१ वर्षे, अविवाहित, पूर्वी मत्स्यजीवशास्त्राची प्राध्यापक आणि आता स्वतःच्या मर्जीची मालक, राहणार जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना, स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. शुद्धीबद्दल कोणाला शंका राहू नये म्हणून आज सकाळी डॉ. अक्षदा ढोबळे यांच्याकडून तपासून घेतले. त्यांनी विचारले, "मॅडम, आज वार कोणता?" मी गुरुवार सांगितला, तिथी पौष वद्य तृतीया सांगितली, आणि रत्नागिरीच्या बंदरात आज भरती साधारण केव्हा येईल तेही सांगू लागले. डॉक्टर म्हणाल्या, "पुरे." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे, बाकी प्रकृती ठणठणीत आहे. पण एकदा दवाखान्याची तारीख ठरली की आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलू लागतात. तेव्हा कागद आधीच केलेले बरे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी पुतणी रिद्धी हिने करावी. ती शाळेत गणित शिकवते आणि कोणाचे ऐकत नाही. या कामाला दोन्ही गुण लागतात.

कलम २. जुन्नरमधील माझे राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, मी निवृत्तीनंतर स्वकष्टाच्या पैशातून घेतलेले आहे. त्यात वडिलार्जित काही नाही. हे घर मी माझी विद्यार्थिनी डॉ. आरफा जलाल कागदी हिला देत आहे. आरफा शेजारच्या गल्लीतली. तिचे वडील जलालभाई पत्र्याच्या पेट्या बनवतात. बारावीला असताना ती माझ्याकडे जीवशास्त्र शिकायला आली आणि गेली नाही. घोड आणि कुकडी नद्यांतल्या माशांवर तिने पीएच.डी. केली. वरच्या खोलीत तिने अभ्यासिका ठेवावी आणि नदीबद्दल काही विचारायला येणाऱ्या कोणालाही परत पाठवू नये. स्वयंपाकघरात मासे शिजवावेत की नाही, हे तिने ठरवावे. मी आयुष्यभर मासे अभ्यासले, पण एकदाही चाखले नाहीत, त्यामुळे मला मत नाही.

घराची ही गोष्ट कळल्यावर जलालभाई माझ्याकडे आले. बसायलाही तयार नव्हते. म्हणाले, "प्रोफेसरबाई, घर भावाकडे जातं. उद्या बाजारात लोक बोलतील की जलालनं बाईंना फितवलं. मला ह्याच गावात पेट्या विकायच्यात." मी म्हटले, "जलालभाई, मी तुमचं ऐकून कधी काही केलंय का?" ते हसले, पण त्यांची काळजी गेली नाही. ती रास्त होती. त्याबद्दल कलम ८ मध्ये लिहिले आहे.

कलम ३. माशांच्या कानातले खडे, एकूण सहा हजारांच्या वर, काड्यापेट्यांत भरून नावनिशीवार लावलेले, आणि ते ठेवण्यासाठी जलालभाईंनी केलेल्या खणांच्या चार पेट्या, हेही सर्व आरफाला. ज्यांना हे खडे म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिते, कारण माझी खरी मिळकत हीच आहे.

माझे वडील प्रेमचंद मुथा, आम्ही त्यांना बाबूजी म्हणत असू, यांचे जुन्नरच्या पेठेत कापडाचे दुकान. रविवारच्या बाजारात दुकानासमोर सुकटवाल्या बायका बसत. बाबूजी त्या दिवशी सकाळपासून उदबत्त्या लावत. मी मात्र पायरीवर बसून सुक्या बोंबलाचे दात बघत बसे. एवढ्या मऊ माशाला एवढे दात कशाला, हा प्रश्न मी घरात विचारला आणि त्या रात्री माझ्यावरून मीठमोहरी ओवाळली गेली.

पुढे मी प्राणिशास्त्र शिकायला पुण्यात निघाले तेव्हा माझी आई प्यारीबाई हिने माझ्याकडून एकच वचन घेतले. "तुझ्या हातानं जीव जायचा नाही." मी हो म्हटले आणि ते पाळले. सन १९७७ मध्ये मला रत्नागिरीला माशांच्या संशोधनाची नोकरी लागली. बाबूजींनी पत्र वाचले, घडी घातली आणि माझ्याशी बोलणे सोडले. सहा वर्षे ते बोलले नाहीत. जैनाची मुलगी मासे कापते, हे पेठेत कोणाला सांगायचे आणि कसे, हे त्यांना सुचत नव्हते.

मी तर एकही मासा मारत नव्हते. ढोमा नावाचा मासा असतो, त्याच्या कानात शेंगदाण्याएवढा पांढरा खडा असतो. तो घासून पातळ केला की झाडाच्या खोडात दिसतात तशा रेघा दिसतात, आणि त्यावरून माशाचे वय कळते. सुकवण्यासाठी कापलेल्या ढोम्यांची मुंडकी मी मिरकरवाड्याच्या जेटीवर टोपलीने गोळा करत असे. तिथल्या बायका मला मुंडक्यांची बाई म्हणत.

फेब्रुवारी १९८३ मध्ये एका सकाळी मी अशीच टोपली घेऊन बसले होते. समोर धोतर, काळा कोट आणि टोपी दिसली. बाबूजी रात्रभर एस.टी.त बसून आले होते. घरी दुकानाच्या खरेदीला जातो असे सांगितले होते. नाकावर रुमाल होता.

"हे मेलेलेच येतात?" त्यांनी विचारले. सहा वर्षांनंतरचे पहिले वाक्य.

"मेलेलेच."

"तू घेतेस म्हणून जास्त मारत नाहीत ना?"

"मुंडकी कोण घेणार, बाबूजी? खताला जातात."

त्यांनी यावर विचार केला. बाबूजी कुठल्याही गोष्टीवर उभ्याउभ्याच विचार करत. मग म्हणाले, "दाखव, काय बघतेस."

मी घासलेला खडा काचेवर ठेवून दिला. त्यांनी कोटाच्या खिशातून आपले पितळी भिंग काढले. कापडाचे धागे मोजायला ते नेहमी जवळ असे. बराच वेळ पाहून म्हणाले, "दोन रेघा आहेत."

"म्हणजे दोन वर्षांचा. अजून अंडी घालायची होती. सगळे असेच येताहेत, मोठे व्हायच्या आत."

बाबूजी उठले आणि वाळत घातलेल्या जाळ्याजवळ गेले. जाळ्याच्या भोकाला तिकडे आस म्हणतात. त्यांनी त्यावर भिंग ठेवले, बोटाने ताणून पाहिले. तीस वर्षे कापड विकलेला माणूस. "फार घट्ट विणलंय हे. ह्यातून पाण्याशिवाय काही सुटायचं नाही."

"तेच तर. आस मोठा केला तर लहान मासे निसटतील. तेवढंच मी मच्छीमारांना पटवायला बघतेय."

त्यांनी नाकावरचा रुमाल काढून खिशात ठेवला. "म्हणजे सोडवायचं काम आहे."

"हो."

"मग घरी तसं लिहायचं होतंस."

"तुम्ही वाचलं नसतं."

"बाईनं वाचून दाखवलं असतं," ते म्हणाले. बाई म्हणजे माझी आई.

दोन दिवस ते माझ्या खोलीवर राहिले. जाताना भिंग टेबलावर ठेवून गेले. जुन्नरला परतल्यावर गिऱ्हाइकांना ते सांगू लागले, "आमची नीलम रत्नागिरीला मासे सोडवते." गिऱ्हाइकांना काय समजले असेल, देव जाणे. पण चार वर्षांनी एका खाडीतल्या सतरा होड्यांनी मोठ्या आसाची जाळी घेतली, आणि पुढे तिथल्या ढोम्यांच्या खड्यांत मला चार रेघा, मग पाच रेघा सापडल्या. पाच रेघांचा पहिला खडा पेटी क्रमांक २ मध्ये वरच्या खणात आहे. तो कोणाला उसना देऊ नये.

कलम ४. बाबूजींचे भिंग माझा पुतण्या संयम याला. आता दुकानात तो बसतो. मोबाइलवर फोटो काढून कापड पारखण्याची त्याची पद्धत मला पसंत नाही. भिंग गल्ल्याजवळ ठेवावे आणि वापरावे.

कलम ५. जुना हिशेब. मोठ्या आसावरचा माझा निबंध छापून आला तेव्हा त्यावर पहिले नाव त्या वेळच्या विभागप्रमुखांचे होते. ते जेटीवर एकदाही आले नव्हते, त्यांना वासाने उलटी होत असे. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "मिस मुथा, नाव मोठं असलं की निबंध मोठा होतो." त्यांचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांची मुले सज्जन आहेत आणि एक जण दरवर्षी मला आंबे पाठवतो. त्या आंब्यांमुळे राग बराच उतरला आहे, पण संपलेला नाही. म्हणून अभ्यासिकेच्या खर्चासाठी आरफाला मी जी मुदत ठेव देत आहे, तिला अट घालते: आरफाने कोणाही विद्यार्थ्याच्या नावाआधी स्वतःचे नाव छापू नये. तिने एकदा जरी तसे केले तर ती ठेव रिद्धी आणि संयम यांना निम्मी निम्मी जावी. बाकीची शिल्लक त्या दोघांचीच आहे.

कलम ६. माझी फायबरची होडी, वल्ही आणि चार तरंगती जाकिटे श्रीमती ठमाबाई असवले यांना. ठमाबाई आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या. त्यांचे गाव डिंभे धरणात गेले आणि त्या त्याच पाण्यावर मासेमारी करू लागल्या. निवृत्तीनंतर मी नदीच्या माशांची माहिती विचारायला त्यांच्याकडे गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला होडीत बसताना पाहिले आणि काठाला घट्ट धरलेले हात पाहिले.

"बाई, तुमाला पवायला येत न्हाई?"

"नाही."

"आन छत्तीस वर्सं मासं शिकवलं पोरान्ला?"

"पाण्यात उतरायची वेळच आली नाही."

"मंग आता उतरा. माजं मासं आसं फुकाट न्हाई सांगायची मी."

वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून, मी धरणाच्या काठाला पोहायला शिकले. काठावर ठमाबाई आणि त्यांची जाऊ हसून हसून खाली बसल्या होत्या. आठव्या दिवशी कॅन सुटला आणि मी तरीही तरंगत राहिले. इतका आनंद मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्यानंतर ठमाबाईंनी सांगितलेली माशांची नावे, कोणता कधी दिसतो, कोणता धरण झाल्यावर गेला, हे सर्व मी तीन वह्यांत लिहिले आहे. वह्या आरफाने छापाव्यात. लेखक म्हणून ठमाबाई असवले यांचे नाव असावे. माझे नाव टिपून घेणारी म्हणून खाली बारीक अक्षरात चालेल.

कलम ७. देहाबद्दल. बी.एस्सी.ला बेडूक कापणे सक्तीचे होते. आईला दिलेल्या वचनामुळे मी टेबलावरचा सोबती संपत काळे याच्याशी तह केला: बेडूक त्याने कापायचा आणि दोघांच्या जर्नलातली चित्रे मी काढायची. त्याला चित्रकलेत इतके गुण मिळाले की परीक्षकाने त्याला फळ्यावर बेडूक काढायला सांगितले, आणि आम्ही दोघे पकडले गेलो. बेडकाचे हे देणे माझ्यावर राहिले आहे. म्हणून माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, फॉर्म भरलेला आहे. शिकणाऱ्या मुलांनी घाबरू नये. चित्रे स्वतः काढावीत.

कलम ८. माझा धाकटा भाऊ धनराज. सन १९८१ मध्ये त्याचे लग्न ठरले तेव्हा सासरच्यांनी विचारले, "मुलाची बहीण काय करते?" धनराज म्हणाला, "बँकेत असते." त्या लग्नात मी तीन दिवस बँकेतली म्हणून वावरले. त्याच्या सासऱ्यांनी मला मुदत ठेवीवरचे व्याजदर विचारले आणि मी अंदाजाने सांगितले. आज त्रेचाळीस वर्षे झाली, धनराजने त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. मीही काढला नाही, पण मनात ठेवले.

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी त्याला माझे सोन्याचे घड्याळ आणि पिंपरी पेंढारची पाच गुंठे जमीन लिहिली होती, आणि त्याखाली ही बँकेची हकीकतही लिहिली होती. गेल्या रविवारी मसुदा त्याच्या हातात दिला आणि घराचे, जलालभाईंच्या काळजीचे सांगितले. त्याने सगळे कागद वाचले. बँकेची हकीकत पुन्हा एकदा वाचली. मग विचारले, "जीजी, साक्षीदार कोण?"

"डॉ. अक्षदा. दुसरा ठरायचाय."

"मी होतो."

"तुला कसं होता येईल? वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीला नसावं."

"मग मला काही देऊ नकोस," तो म्हणाला. "सख्ख्या भावाची सही खाली असली की आरफाच्या घराबद्दल बाजारात कोण बोलतंय बघू. जलालभाई समोरून मान वर करून गेला पाहिजे."

मी म्हटले, "बँकेचं काढून टाकू का?"

"नको. राहू दे."

म्हणून घड्याळ रिद्धीला, जमीन संयमला, आणि माझा भाऊ धनराज याच्या नावे या मृत्युपत्रात काहीही नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

ठिकाण: जुन्नर
दिनांक: १६ जानेवारी २०२५

(सही) नीलम प्रेमचंद मुथा

साक्षीदार:

१. (सही) डॉ. अक्षदा ढोबळे, वय ३९, वैद्यकीय व्यवसाय, जुन्नर.

२. (सही) धनराज प्रेमचंद मुथा, वय ६८, कापड व्यापारी, जुन्नर. सर्व कलमे वाचली. बँकेची हकीकत खरी आहे. माझी बहीण बँकेत कधीच नव्हती, ती माशांची प्रोफेसर आहे. सासरी कळवले आहे.