टिक खोटं भुंकत नाही

स्लेटलिक खोरं, केंटकी
१९ ऑक्टोबर १९३६, सोमवार

आदरणीय लाँझोमामांना,

अर्विलचा, आणि माझ्या मागे उभं राहून "माझंही लिही, माझंही लिही" म्हणणाऱ्या तुमच्या बहिणीचा मनापासून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. गाय आटली आहे, पण तिची तब्येतही बरी आहे. तुमची प्रकृती कशी आहे? ॲक्रनची हवा मानवते का? टायरच्या कारखान्यात रबराचा वास इतका असतो म्हणे की भाकरीलाही लागतो. खरं का ते? (हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढतो आहे. पहिल्या प्रतीवर रस्सा सांडला आणि दुसरीत एक शब्द खोडावा लागला. शाळा पाचवीत सुटली म्हणून माणसाने कागदाशी कसंही वागावं, असं मला वाटत नाही.)

तुम्ही गेलात त्याला तीन वर्षं झाली, तेव्हा माझी कुत्री टिक तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. ती दोन वर्षांची आहे. तिची आई कोळशाच्या खाणीवरच्या मुकादमाची टेरियर, आणि बाप कोण ते त्या आईलाच ठाऊक. वजन साडेतेरा पौंड (धान्याच्या तराजूवर, तीनदा तोलून). टिक म्हणजे गोचीड. एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून हे नाव. ससा उठवते, उंदीर मारते, पण तिचा खरा धंदा खारींचा. खार हेरायची, झाडावर पळवायची, मग बुंध्यावर पुढचे पंजे टेकून वर बघत एका ठेक्यात भुंकत राहायचं, आपण बंदूक घेऊन पोचेपर्यंत. हे भुंकणं वेगळं असतं. पोस्टमनवर ती तसं भुंकत नाही. आणि आपल्या खोऱ्याचा कायदा तुम्हाला मी काय सांगावा? रिकाम्या झाडाखाली भुंकला तो कुत्रा खोटारडा. होबार्टकाका तर म्हणतात, "खोटं बोलणारा मेहुणा एक वेळ चालवून घेईन, कुत्रा नाही." (हे तुम्हाला उद्देशून नाही. त्यांना सख्खे मेहुणे दोन आहेत.) एकदा खोटं ठरलं तर चूक, दुसऱ्यांदा खोड, तिसऱ्यांदा गोळी. बंदूक त्यांची, टेकडी त्यांची, आणि टिकही मी त्यांच्याच परवानगीने पाळलेली. म्हणजे तिचा जीव त्यांच्या शब्दावर.

आता झालं ते असं. चर्चमागचा थोरला चेस्टनट तुम्हाला आठवत असेल. खोऱ्यातले सगळे चेस्टनट रोगाने उभ्या उभ्या वाळले, तसा तोही वाळला, आणि दीड वर्षापूर्वी तो पाडला. तेव्हा टिक आगगाडीच्या रुळांपलीकडे खाणीवरच होती. तिने ते झाड उभं पाहिलेलंच नाही. आज तिथे फक्त खोड आहे, गुडघ्याएवढं उंच, नऊ फूट चार इंच रुंद. बारा सप्टेंबरला मी आणि काका तिकडून चाललो असताना टिक त्या खोडावर चढली, मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे हवेत टेकवले आणि वर बघून भुंकू लागली. टेकवले असं मी विचार करूनच लिहितो आहे. दोन पायांवर उभा राहिलेला कुत्रा डगमगतो. ही डगमगत नव्हती. वर स्वच्छ आकाश. ही पहिली चूक. दुसऱ्या खेपेला धर्मोपदेशक टॅकेट बरोबर होते. काका म्हणाले, "अर्विल, तुझी कुत्री ढगावर भुंकतेय." त्यावर टॅकेट म्हणाले, "भुंकू दे रे, मी तीस वर्षं तेच करतोय." मी हसलो, पण काका हसले नाहीत, म्हणून मी मध्येच थांबलो.

परवा शनिवारी सकाळी नऊला तिसरी आणि शेवटची परीक्षा ठरली होती. साक्षीला टॅकेट. आदल्या रात्रभर मला डोळा लागला नाही. पहाटे उठून मी टिकला सगळं नीट समजावून सांगितलं. ती जांभई देऊन ऐकत होती. ओढ्याकाठच्या हिकरीच्या झाडावर तिने दोन अगदी खऱ्या खारी चढवून दिल्या, काकांनी त्या पाडल्या, आणि मला वाटलं, सुटलो. मी मनातल्या मनात ससा मागितला. एखादा ससा आडवा गेला असता तर ती दुसरीकडे वळली असती. ससा आला नाही. ती सरळ चर्चमागे गेली, खोडावर चढली आणि हवेला पंजे लावून उभी राहिली.

मी खिशातून बाबांचं घड्याळ काढलं. (मला काही सुचेनासं झालं की मी मोजतो.) ती अकरा मिनिटं तशी उभी होती. मामा, ती नुसती वर बघत नव्हती. तिची नजर सावकाश बाहेर सरकायची, थांबायची, पुन्हा आत यायची. खार फांदीच्या टोकाला जाऊन परत येते, तशी. काका म्हणाले, "झालं." त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि नळी खाली, टिकवर आणली. मी मध्ये जाऊन उभा राहिलो असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी त्यांची बाही धरली आणि म्हणालो, "काका, एक मिनिट थांबा, बारा पुरी होऊ द्या."

तेवढ्यात काकांच्या टोपीच्या काठावर टप्पकन काहीतरी पडलं.

त्यांनी हात लावला आणि "आई गं" म्हणाले, कारण ते टोचलं. चेस्टनटच्या काटेरी बोंडाचा तुकडा होता. हिरवा. कडेला दातांच्या खुणा, आणि त्या ओल्या. या तालुक्यात हिरवं बोंड कुणी पाहून चार वर्षं झाली. मग आमच्या भोवती टपटप सुरू झाली, टरफलं, बोंडांचे तुकडे. खार वर बसून निवांत खात असली की पडतात तशी. आणि सगळ्यात शेवटी माझ्या ध्यानात आलं ते हे: ऊन लख्ख होतं, तरी आम्ही तिघे सावलीत उभे होतो. (सावलीचा घेर मी पावलांनी मोजायला निघालो होतो. टॅकेटनी मला कोटाला धरून मागे ओढलं.)

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "कुत्री खरी आहे," ते म्हणाले. टॅकेट बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "होबार्ट, एवढी वर्षं उपदेश केला, पण मान वर करून असं कधी बघितलंच नव्हतं." घरापाशी आल्यावर काका थांबले आणि मला म्हणाले, "पोरा, हिचे मागचे दोन गुन्हे माफ. पण आज हिने मला जे दाखवलं, ते दाखवून उद्या ही एकदा जरी खोटी निघाली, तर ही माझ्याशी खेळली असं मी समजेन. मग मिनिटं मोजत बसू नकोस." मी म्हणालो, "काका, ही खोटं भुंकूच शकत नाही, बायबलवर हात ठेवून सांगतो." आणि घरात जाऊन खरोखरच हात ठेवला, म्हणजे बोलणं अर्धवट राहू नये. तो बोंडाचा तुकडा आईने हुंगला, थोडी रडली आणि फडक्यात गाठ मारून फळीवर ठेवला. सकाळी फडकं होतं, गाठ होती, आत काही नव्हतं.

तर मामा, टिक वाचली. ही आनंदाची बातमी कळवावी म्हणून हे पत्र. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
अर्विल

ता. क. आईने तुमच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. तिचं म्हणणं, तुमची पावलं होड्यांएवढी आहेत. तिने अंदाजाने विणावेत की नेमकं माप कळवता?

ता. क. दुसरी. मघाशी आई मागे उभी होती म्हणून लिहिलं नाही. आता ती गाईकडे गेली आहे. काल रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर टिक ओसरीवर आली. पायरीपाशी थांबली, मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे हवेत टेकवले आणि भुंकू लागली. पोस्टमनवर भुंकते तसं नव्हे, झाडाखालचं भुंकणं. तिची नजर जिथे लागली होती ती जागा मी काठीने धरली आणि नंतर मोजली. सहा फूट अडीच इंच. मामा, या खोऱ्यात एवढ्या उंचीचा माणूस तुमच्याशिवाय कधी झाला नाही. मग तिची नजर हळूहळू खाली आली, बाकापर्यंत, आणि बाक करकरलं. आई आतून म्हणाली, "कोण रे आलंय?" मी म्हणालो, "कुणी नाही." मामा, मी बायबलवर हात ठेवून दुसरा दिवसही उलटला नव्हता.

ता. क. तिसरी. ती आत्ताही बाकापाशी आहे. भुंकायची थांबली आहे. पाठीवर लोळून पोट दाखवते आहे आणि एक पाय हवेत चालतो आहे. माझी एकच विनंती आहे, आणि बाकीचं पत्र तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल. तिला खोटं पाडा. काकांना मी कळू देणार नाही, आणि कळलंच तर तिला पोत्यात घालून मिळेल त्या गाडीने तुमच्याकडे घेऊन येईन. खोली लहान असली तरी ती साडेतेरा पौंडांचीच आहे. लिहायला वेळ नसेल तर आत कागद नसला तरी चालेल. नुसतं पाकीट पाठवा, पण त्यावरचा पत्ता तुमच्या हातचा असू द्या.