तीन गट, आठ वर्षं आणि एक पितळी पाटी

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोज पहाटे दोन तास थीसिस. विषय: हँडबॉलमध्ये घरच्या मैदानाचा फायदा कोणत्या दर्जाच्या संघाला जास्त होतो. आठ वर्षं झाली. गाईड सरांनी बजावलंय, तीस तारखेला रजिस्ट्रेशन संपतं, आता मुदतवाढ नाही. अठ्ठावीस दिवस म्हणजे चिक्कार. संघांचे तीन गट: भारी, मध्यम, हलके. बायको म्हणाली, घरी खेळणारा जिंकतोच, त्यात शोध कसला. तिला मेथडॉलॉजी समजावणार होतो, पण ती भाजी निवडायला उठली.

५ मार्च
उठलो नाही. कालही. विश्रांती हा तयारीचाच भाग. संध्याकाळी दारासाठी पितळी पाटीची ऑर्डर दिली. नावाआधी 'डॉ.'. ऐनवेळी धावपळ नको.

११ मार्च
घबाड! सहाशे स्कोअरशीट्स एक्सेलमध्ये भरून झाल्या. (मुलीने भरल्या. कॉलमना नावं मी दिली.) निकाल: संघ घरी हरतात! हलके संघ तर पार धुतले जातात. हे आजवर कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. कारण उघड आहे, घरच्यांच्या अपेक्षांचं दडपण. मला हे आतून कळतं.

१५ मार्च
हँडबॉल हॉलचा वॉचमन माझी सामन्यांची यादी बघत होता. एका सामन्यावर बोट ठेवून म्हणाला, हा इथेच झाला, दिवे मीच बंद केले. माझ्या यादीत तो परगावचा आहे. बिचाऱ्याचं वय झालं.

१९ मार्च
मध्यम गटातले चार संघ ऐकत नाहीत. हलक्यात टाकले. मग हलका गट बिघडला. पाच गट केले. दुपारपर्यंत नऊ. मुलगी म्हणाली, बाबा, संघ बाराच आहेत. आजकालची मुलं फार उलट बोलतात.

२६ मार्च
तीस तारखेचं प्रेझेंटेशन आपल्याच कॉलेजात, आपल्याच वर्गात. प्रोजेक्टरसुद्धा ओळखीचा. माझ्याच सिद्धांताप्रमाणे घाबरायला हवं. पण मी कुठल्याच गटात बसत नाही.

३० मार्च, दुपारी ४.२०
बाहेरून आलेले परीक्षक निवृत्त पंच निघाले. पहिल्याच स्लाइडला विचारलं, यात घरचा संघ कोणता. पहिल्या कॉलममधला, मी म्हणालो. ते हळूच म्हणाले, आपल्या लीगच्या शीटवर पाहुण्यांचं नाव आधी लिहितात, मान म्हणून, पहिल्यापासून. सहाशेच्या सहाशे सामने उलटे. सरळ केले तर घरचे संघ घरी जिंकतात. सगळ्या गटांत. गाईड सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी एक आठवडा मागितला. ऑफिस पाचला बंद होतं, सर एवढंच म्हणाले.

३१ मार्च
सकाळी रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचं पत्र आलं, पाठोपाठ पाटीवाला. अक्षरं फार सुरेख. 'डॉ.' काढता येईल का विचारलं. म्हणाला, कोरलंय साहेब. कपाटामागे सरकवत होतो, तेवढ्यात बायकोने हातातून घेतली.
संध्याकाळी कामावरून आलो तर पाटी दाराला लागलेली. आतल्या बाजूने. बायकोने खिळे ठोकले आणि मुलीने पाटी धरली म्हणे. दार लावलं की दिसते, फक्त आम्हाला.
दार लावून घेतलं.