लाल गिलासाचा रंग

प्रयागवहिनी,

मी वांगे घेऊन मानोऱ्याच्या बाजाराले चाललो. न्हाणीतल्या गाडग्यात साबनाचा कास्टिक सोडा हाये, त्याले हात लावू नका, कातडं सोलते. तुमचा ॲल्युमिनमचा लाल गिलास मी त्यातच बुडवला होता. माय म्हने, दादा गेल्यावर तुमच्या हातात लाल रंग शोभत नाई. मीबी मान डोलावली. फसफसून रंग उतरला, आन् दादानं जत्रेतून आनलेला तुमचा गिलास पांढराफटक झाला. आता तो रंग मले परत चढवता येत नाई. तुमच्यासमोर उभं राहाले तोंड नाई, म्हनून लिहून ठेवलं.

फळीवरचा माहा हिरवा गिलास आता तुमचा. पांढऱ्यात मी पानी पेईन. माय काही बोलली त संध्याकाळी मले सांगा. या खेपेस मी मान डोलावनार नाई.

नथ्थू