म्हशीचं वचन कुठल्या पानावर?

ता. अंबड, जि. जालना
सोमवार, १० जानेवारी १९९४

धाकटा पण माझ्याहून शहाणा भाऊ रामकिसन यास,

थोरला भुजंग याचा प्रभूच्या नावात सलाम. तू आन लेकरंबाळं सुखरूप असाल अशी आशा करतो. एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीजवळ चपला घालून हिंडू नको, बूट घाल. इकडची खुशाली विचारशील तर बैल बरे हायेत, ज्वारी हुरड्यावर आली हाये, आन मी बुडालो.

हे पत्र सोनू लिहून राह्यली. हो, तुझीच वहिनी! सहा महिन्याखाली जिला बसवरची पाटी कळत नव्हती, ती आता माझ्यासमोर पेन घेऊन मास्तरीण होऊन बसली हाये. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय न्हाई. मी बोलेल तेवढंच लिही, अशी ताकीद दिली हाये. (भाऊजी, कंसातलं सगळं माझं समजा. कंस काय असतो ते ह्यांना ठाऊक न्हाई. – सोनूबाई.)

तर बाबा, वीस वर्षं झाली, मंडळीत रविवारी बायबलातला शास्त्रपाठ मीच वाचतो. आन मला अक्षर म्हणून येत न्हाई, हे गावात कोणाला ठाऊक न्हाई, फक्त तुला आन जुन्या पाळकसाहेबांना. (मला बी होतं. हे पान कधी उलटतात ते वीस वर्षं बघून राह्यले. मधीच माशी बसली तरी उलटतात.) आपले जुने पाळकसाहेब शनिवारी सायकलवर यायचे, पिठलं-भाकर खायचे आन मला पाठ दोनदा तोंडानं सांगायचे. रविवारी मी पुस्तक हातात धरून घडाघडा म्हणायचो. एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा न्हाई. पण पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की साहेब पलीकडंच. इकडं सगळी मंडळी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून बसलेली. त्यांना काय उपाशी घरी लावायचं? मंग मी माझ्या पदरचं घालायचो. देवाला शोभेल असंच, बिलकुल वंगाळ न्हाई.

कारभारीची म्हैस तुळजाबाईच्या वावरात शिरल्ती, तुला याद असंल. बिचारी एकटी विधवा बाई, अर्धी ज्वारी गेली, आन कारभारी वर तिलाच बोलून राह्यला. त्या रविवारी पाळकसाहेब न्हाईत. म्या वाचलं, की ज्याची म्हैस विधवेचं पीक खाईल त्यानं तिच्या दारात महिनाभर दूध नेऊन द्यावं. कारभारीनं मुकाट दिलं! असली पाच-सहा वचनं असतील. अजून एक लई जुनं हाये, ते तुला ठाऊक हाये, इथं काढायचं काम न्हाई. (कोणतं म्हणून विचारलं, तर बैलाला पाणी दाखवायला उठून गेले. बैलाला आत्ताच पाजलंय.)

आता नवे पाळक आले, त्यांच्यासंगं त्यांच्या बाई, प्रभावतीबाई. त्यांनी प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर लिहाय-वाचायच्या शिकवणीचा वर्ग काढला. म्हणतात, स्वतः वाचल्याशिवाय शास्त्राचा अभ्यास कसला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर त्यात देवाचं किती आन वाचणाऱ्याचं किती, कसं कळावं? हे बोलताना त्या माझ्याकडंच बघून राह्यल्या होत्या. मला ठसका लागला. मी कामाचं निमित्त करून गेलो न्हाई, बाकी वर्ग भरला. बावीस बाया शिकल्या, आन कोण? कारभारी! साठीचा माणूस, चष्म्याला सुतळी बांधून, ओळीखाली बोट धरून, पहिल्या पानापासून आपली म्हैस हुडकून राह्यला. त्याला गाढवं सापडली, मेंढरं सापडली, उंट सापडले, म्हैस न्हाई. रोज माझ्या दारावरून जाताना इचारतो, भुजंगराव, म्हैस कोणत्या पानावर? मी म्हणतो, पुढं हाये. तो बिचारा पुढं जातो. पण पानं काही रबराची न्हाईत रे! ज्या दिवशी त्याचं पुस्तक संपलं त्या दिवशी मी संपलो.

तेवढं बी थांबायला वेळ न्हाई. तीस तारखेला हंगामाचा सण. नव्या पाळकांनी जाहीर केलंय, की पाठ आधी सांगायचा न्हाई, तिथल्या तिथं चिठ्ठी निघेल तो अध्याय वाचायचा. आन पहिला मान कोणाचा? वडील माणूस म्हणून माझा! बावीस बाया पुस्तकात बोट घालून बसणार, कारभारी चष्मा पुसणार, आन मी मधी उभा. ताप आणून बघितला, येत न्हाई. मी पुस्तक उघडलं की सगळी मंडळी उभी राहायची रे, रामकिसन. आता मी चपलांजवळ बसणार. जेवण जात न्हाई. (दोन भाकरी गेल्या.)

बस, जास्त काय लिहावं. तोंड दाखवायला जागा राह्यली तर भेटू.

तुझा थोरला,
भुजंग

ता. क. – येणाऱ्याच्या हाती एक अंकलिपी धाडून दे, जल्दी. वरून काळा पुठ्ठा लाव, शास्त्रासारखा. शेजारच्या पोरासाठी पाहिजे. (शेजारचं पोरगं बारावी पास झालं.)

दुसरा ता. क. – हे वावरात गेलेत, आता कंसाची गरज न्हाई. भाऊजी, अंकलिपी धाडू नका. माझी चुलीमागच्या फळीवर हाये, आन चार दिवसांपासून तिच्यावर ह्यांच्या तंबाखूच्या बोटाचे डाग पडून राह्यलेत. 'ठ'पर्यंत आलेत.

दुसरं असं. लग्नाला सात वर्षं होऊन पाळणा हलला न्हाई, तवा सासूबाई मला माहेरी धाडायला निघाल्त्या. गाडी जुंपायचंच राह्यलं होतं. त्या रविवारी ह्यांनी वाचलं, की लेकरू न्हाई म्हणून जो बायकोला टाकील त्याच्या घरचं पाणी बी देव पिणार न्हाई. सासूबाई तिथंच रडल्या, पुन्हा तो विषय काढला न्हाई. मी वाचायला शिकले ते हेच एक वचन आपल्या डोळ्यानं बघायला. किती शोधलं! प्रभावतीबाईंना बी शोधायला लावलं. सापडेना, तर मला वाटायचं माझंच वाचणं कच्चं.

ते का सापडेना, हे आज हे पत्र लिहिताना उमगलं. ह्यांना सांगू नका. कारभारीभाऊ आत्ताच येऊन गेले, मी बी सांगितलं, म्हैस पुढं हाये.