लिटरला चार

गुडगाव,
९ जुलै २००६

ती. स्व. संपतकाका व सौ. काकू यांस,
महेशचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून बऱ्याच वर्षांनी पेन हातात घेतलं. इकडे सगळे मजेत. रिंकूचे पुढचे दात पडलेत, पण बडबड तेवढीच.

काका, विचारायचं होतं ते नव्या गाडीबद्दल. पेट्रोल फार लागतंय. आठ सिलिंडरची गाडी, थोडं खाणारच. पण लिटरला चार किलोमीटर म्हणजे काहीतरीच. अर्पिता पंपाच्या पावत्या नाकासमोर धरते. घेताना मी तिला नऊ सांगितले होते. ड्रायव्हर नरसिंह तुम्हीच दिलेला, तुमच्या दोस्ताचा, हरिदासकाकांचा मुलगा, म्हणून माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तुम्ही फौजेत जन्मभर गाड्या चालवल्यात. इतकी भारी गाडी इतकं पेट्रोल पिऊ शकते का, एवढंच लिहा. तुम्ही म्हणाल ते बिल्कुल फायनल. अर्पिताही तुमचंच ऐकते.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
महेश


पालम,
१४ जुलै २००६

चि. महेश यास काका-काकूंचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला ऐकू येतं. तुझी काकू पुटपुटते, त्याला मी काय करू.

तुझी गाडी आमच्या गल्लीत शिरेना, तेव्हा काकू हळदकुंकवाचं तबक घेऊन पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. बोनेट एवढं उंच, की तिला टाचा वर कराव्या लागल्या. शेजारचे सरदारजी तुझ्याकडे बघून मला म्हणाले, की आता तुमचं पोर मोठा साहब झालं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. त्याच दिवशी नरसिंह सांगत होता, की हिच्या चार टायरांच्या किमतीत एक लहान गाडी येते. तेव्हा हसलो.

आमची फौजेतली वन टन गाडी पाठीवर पंधरा जवान आणि शिधा घेऊन घाट चढताना चार द्यायची. तुझी गाडी सपाट रस्त्यावर, आत तीन माणसं, आणि म्हणे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो. ती चार कशी देईल? नाही देणार. माझ्या मते पेट्रोल टाकीतून बाहेर जातंय. हे लिहावंसं वाटत नव्हतं रे. हरिदास आणि मी एका ताटात जेवलेली माणसं. पण तुझ्या घासाला कुणी हात लावलेला मला खपायचा नाही. तरी एक कर, पोराला एकट्याला बाजूला घे, आधी त्याचं ऐक.

रिंकूला दात नीट घासायला सांग. आठवण ठेवत जा.

तुझा,
संपतकाका


गुडगाव,
६ ऑगस्ट २००६

ती. स्व. काकांस अर्पिताचा सा. न. वि. वि.

हे पत्र महेशला न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र त्याने खाली पार्किंगमध्ये, गार्डसमोर, नरसिंहला वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलं होतं एकट्याला बाजूला घे, तेवढंच वगळलं. नरसिंह वाद घालत बसला नाही. अक्षर काकांचंच आहे का, एवढं त्याने विचारलं. कागद हातात घेऊन पाहिला, किल्ली बोनेटवर ठेवली आणि गेला.

तेव्हापासून गाडी मी चालवते. लक्ष्मीबाई नगरला आईकडे, ऑफिसला, सगळीकडे. काका, माझ्या हातूनही चारच देते. हायवेचं काम चालू आहे, जाममध्ये एसी लावून उभं राहिलं की चारसुद्धा नाही. शेवटी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथला माणूस हसलाच. म्हणाला, की मॅडम, गाडी देतानाच साहेबांना सांगितलं होतं, शहरात चार धरून चला.

महेशला विचारलं, तर तो म्हणाला, की खरं सांगितलं असतं तर तू गाडी घेऊ दिली असतीस का. वर हेही, की काकांनी लिहिल्यावर तू गप्प बसशील असं वाटलं होतं.

आणखी एक. नरसिंहचं कोपर्निकस मार्गावरच्या एका गेस्ट हाउसमध्ये ड्रायव्हर म्हणून ठरत होतं. तिथून चौकशीचा फोन आला, तर महेश म्हणाला, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. मी शेजारी उभी होते, म्हणून लिहिते.

मला रागवा हवं तर, पण दूर करू नका.

आपली,
अर्पिता


गुडगाव,
१८ ऑगस्ट २००६

ती. स्व. काकांस महेशचा सा. न. वि. वि.

तुमचं चार ओळींचं कार्ड मिळालं. गेस्ट हाउसला फोन करून खरं सांग, असं तुम्ही म्हणता. काका, तिथले एक साहेब आमच्याच सोसायटीत राहतात. मी काय सांगू, की बायकोच्या भीतीने ड्रायव्हरला पुढे केलं? इथे लोक गाडी बघून नमस्कार करतात.

आणि मी त्याला चोर म्हणालोच नाही. मी फक्त तुमचं पत्र वाचलं.

झालं ते झालं. नरसिंहला परत पाठवा, पगार वाढवून देतो. गणपतीला या, गाडी पाठवतो. राग सोडा.

आपला,
महेश


पालम,
२४ ऑगस्ट २००६

चि. महेश यास काकूचे आशीर्वाद.

तू चोर म्हणाला नाहीस, हे खरं. मी म्हणालो. तुला आकडा ठाऊक होता, तरी मला विचारलंस, आणि मी म्हातारा खूश होऊन घाटातल्या ट्रकच्या गोष्टी सांगत बसलो. मला वाटलं, पोराला अजून माझं डोकं लागतं. तुला माझी सही लागत होती.

हरिदासकडे गेलो होतो. इतकी वर्षं त्याच्या बाजेवर मांडीला मांडी लावून बसलो. परवा त्याने मला खुर्ची दिली, आधी फडक्याने पुसून. मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की लिहिण्याआधी एकदा माझ्या दारी आला असतास संपत, तर बरं झालं असतं. नरसिंहने पाणी आणून दिलं. मी पेला तसाच खाली ठेवला.

काल नरसिंहला घेऊन बसने गेस्ट हाउसवर गेलो. तिथल्या साहेबांना माझ्या फौजी हिंदीत सांगितलं, की या मुलावरचा आळ माझ्या चुकीच्या हिशोबाने आला, गाडीच तेवढं पिते आणि मालकाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेब भले निघाले. लिहून द्या म्हणाले, दिलं. नरसिंह सोमवारपासून कामावर जाईल. तुझ्याकडे येणार नाही, मी त्याला विचारलंही नाही.

गणपतीला आम्ही येत नाही. गाडी पाठवू नकोस. रिंकूला काकू मोदक पाठवेल. अर्पिताला सांग, तिच्यावर माझा राग नाही.

सही केल्यावर साहेबांनी विचारलं, की मालक आपले कोण लागतात. नरसिंह माझ्याकडे बघत होता. ओळखीचे आहेत म्हणून सुटता आलं असतं. पुतण्या आहे, मीच वाढवलाय, असं म्हणालो. साहेबांनी मान खाली घातली, आणि मीही.

लोभाचं काय लिहू? तो काही जा म्हटल्याने जात नाही.

संपतकाका